मास्तरकीच्या वर्षांतले जलरंग: जॉर्जिया ओकीफ

प्रश्न थोडक्यात असा आहे. माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका असलेल्या एका वाचक बाईंनी विचारलंय: अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ आपल्याला माहीत आहे ती मोठमोठ्या फुलांच्या तैलचित्रांमुळे. पण सुरुवातीला ती चित्रकला शिकवायची आणि जलरंगात काम करायची, हे खरं का? नोकरी सांभाळून स्वतःचं काम तिला कसं जमलं? आणि एवढं जमत होतं तर पुढे जलरंग सोडले का? सोबत त्यांनी ‘कॅन्यन सूट’ या जलरंगांच्या संचातलं म्हणून एक चित्र पाठवलंय आणि त्यातला वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर) कसा दिला असेल असंही विचारलंय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम शेवटीच देतो.

खरं आहे. नुसतं खरंच नाही, तर माझ्या मते ओकीफ समजून घ्यायची असेल तर १९१२ ते १९१८ ही तिची मास्तरकीची वर्षं आधी पाहायला हवीत. तिची चित्रकार म्हणून घडण शिकवण्यातून सवड काढून झाली, असं साधारणपणे सांगितलं जातं. मला ते पटत नाही. वर्गात मुलांना ती जे सराव द्यायची, तेच तिच्या जलरंगांत जसेच्या तसे दिसतात. दोन्ही कामं एकाच मुळावर वाढली.

तिचा जन्म १५ नोव्हेंबर १८८७चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या सन प्रेरी गावाजवळच्या एका दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी घरातला. सात भावंडांत ती दुसरी. आईनं मुलींना गावातल्या सारा मान या जलरंग चित्रकर्तीकडे शिकायला घातलं होतं, म्हणजे हातात पहिला आला तो पाण्याचाच रंग. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्ष, मग विषमज्वरानं खंड, मग न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये १९०७-०८ चं वर्ष. तिथे विल्यम मेरिट चेस यांच्या हाताखाली तांब्याच्या भांड्याशेजारी पडलेल्या मेलेल्या सशाचं तैलचित्र काढून तिनं वस्तुचित्राचं बक्षीस मिळवलं. आणि त्याच सुमाराला तिनं चित्र काढणं बंद केलं. घरची आर्थिक स्थिती खालावली होती हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: चेससारखं चित्र चेस काढतोच आहे, आपण ते पुन्हा कशासाठी काढायचं, हा प्रश्न तिला पडला होता. मग ती शिकागोला जाऊन जाहिरातींसाठी लेस आणि भरतकामाची रेखाटनं करत राहिली.

ती परत रंगांकडे वळली ती थेट १९१२च्या उन्हाळ्यात, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गात. हे वर्ग शिक्षकांसाठीचे होते. एरवी त्या विद्यापीठात पदवीसाठी मुलींना प्रवेश नव्हता, उन्हाळी वर्गात मात्र होता. तिथे ॲलॉन बेमेंट नावाचे शिक्षक होते. ते न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधल्या आर्थर वेस्ली डाउ यांची पद्धत शिकवायचे. ही पद्धत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

डाउ यांनी बोस्टनच्या संग्रहालयात जपानी चित्रमुद्रांचा कसून अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं की समोरच्या वस्तूची हुबेहूब नक्कल करण्यापासून चित्रकला शिकवायला सुरुवात करू नये. सुरुवात करावी ती जागेच्या विभागणीपासून. आधी रेषा, मग गडद-फिकटाची मांडणी, मग रंग. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्राची, स्मरणचित्राची आणि संकल्पचित्राची परीक्षा वेगवेगळी होते, आणि मुलांच्या डोक्यात ते तीन वेगळे विषय म्हणूनच बसतात. डाउ यांच्या दृष्टीनं संकल्पचित्र हा पाया, बाकी सगळं त्यावरचं बांधकाम. तुम्ही कलाशिक्षिका आहात म्हणून हे सांगतो: पुढच्या वेळी संकल्पचित्राचा तास घ्याल तेव्हा ‘नक्षीकाम’ म्हणून तो उरकू नका.

त्याच वर्षीच्या शरदात ती टेक्ससमधल्या अमरिलो गावात सरकारी शाळांची चित्रकला पर्यवेक्षिका म्हणून गेली आणि १९१४पर्यंत तिथे राहिली. तिथे तिचं पाठ्यपुस्तकावरून वाजलं. ठरवून दिलेलं चित्रकलेचं पुस्तक मुलांनी विकत घ्यावं असा आग्रह होता आणि ती ऐकेना. गरीब मुलांना पुस्तकाचा भुर्दंड कशाला, आणि आपल्या आजूबाजूला असेल त्यावरून काढायला शिकवायचं तर पुस्तक हवंच कशाला, असं तिचं म्हणणं. एक मुलगा शाळेला तट्टावर बसून यायचा. ते तट्टू चक्क टेबलावर चढवून तिनं मुलांसमोर मॉडेल म्हणून उभं केल्याची आठवण तिनं पुढे सांगितली आहे. दुसरा तिचा सराव मला याहून मोलाचा वाटतो. ती मुलांना एक चौकोन काढायला सांगायची आणि म्हणायची, आता यात कुठेतरी एक दार काढा. बस, एवढंच. दार मधोमध आलं की चौकोन गप्प होतो. जरा डावीकडे सरकवलं की उजवीकडची भिंत बोलायला लागते. ज्यांना चित्रकलेत काडीचा रस नाही अशांना शिकवायला तिला आवडायचं. बूट घेताना, पाकिटावर पत्ता लिहिताना, केस विंचरताना, घराला खिडकी कुठे पाडायची ते ठरवताना माणूस हाच विचार करतो, एवढं त्यांना कळावं ही तिची इच्छा.

मग १९१४-१५मध्ये ती प्रत्यक्ष डाउ यांच्याकडे टीचर्स कॉलेजला शिकली आणि १९१५च्या शरदात साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया कॉलेज या मुलींच्या छोट्या कॉलेजात शिकवायला लागली. काम हलकं होतं, वेळ हाताशी होता. तिनं आपली आतापर्यंतची चित्रं खोलीत मांडली आणि एकेक पाहत गेली. हे या शिक्षकाला आवडेल असं, ते त्या शिक्षकाला आवडेल असं. स्वतःचं असं त्यात काही सापडेना. तेव्हा तिनं सगळे रंग बाजूला ठेवले आणि फक्त कोळसा घेतला. काळ्या-पांढऱ्यात जे सांगता येणार नाही असं काही समोर येईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं. ती कोळशाची चित्रं तिनं मैत्रीण अनिता पॉलित्झरला टपालानं पाठवली. १ जानेवारी १९१६ रोजी अनितानं ती न्यूयॉर्कमधल्या ‘२९१’ या दालनात, ते चालवणारे छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना दाखवली, आणि त्यांनी त्या मे महिन्यात ती तिला न विचारताच भिंतीवर लावली. ही गोष्ट तुम्ही कुठेही वाचाल. त्याच्या मागोमाग जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही: पुढच्या काही महिन्यांत तिला निळा रंग लागला. तिच्याच सांगण्याप्रमाणे जून उजाडला तेव्हा निळ्याची गरज पडली.

ते निळं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, ‘ब्लू लाइन्स’ नावानं. दोन उभ्या रेषा, त्यांतली एक मध्येच मोडून वळलेली, आणि तळाशी निळ्याचा आडवा पट्टा. पाहणाऱ्याला वाटेल दोन मिनिटांचं काम. पण आधी ते कोळशात झालं, मग काळ्या जलरंगात पाच-सहा वेळा, आणि मग कुठे निळ्यात. तुमच्या ‘कसं जमलं’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. तिनं एक मोठं चित्र महिनोन्‌महिने रेटत नेलं नाही. एकच गोष्ट एका बैठकीत पुरी करायची, दुसऱ्या दिवशी ताज्या कागदावर पुन्हा करायची, अशी तिची रीत. नोकरी करणाऱ्याला परवडते ती हीच रीत, कारण अर्धवट सोडलेल्या चित्रात आठवड्यानं परत शिरणं किती अवघड असतं ते आपण सगळे जाणतो.

१९१६च्या शरदात ती पुन्हा टेक्ससला गेली, अमरिलोच्या दक्षिणेला कॅन्यन या गावी, वेस्ट टेक्सस स्टेट नॉर्मल कॉलेजात. नॉर्मल कॉलेज म्हणजे होऊ घातलेल्या शिक्षकांचं कॉलेज, आपल्या डी.एड.सारखं. चित्रकलेचा सगळा भार तिच्या एकटीवर. चित्रकलेबरोबर वेशभूषा आणि गृहसजावटही शिकवायची. धाकटी बहीण क्लॉडिया तिच्याबरोबर राहायला होती. सुट्टीच्या दिवशी दोघी जवळच्या पालो ड्युरो घळीत उतरायच्या. गुरांच्या पायवाटा इतक्या उभ्या की एका काठीची दोन टोकं दोघींनी धरायची आणि एकमेकींना सावरत खाली जायचं. संध्याकाळी गावाबाहेर माळावर फिरणं ठरलेलं. क्लॉडियाकडे बंदूक असायची; ती बाटल्या हवेत भिरकावायची आणि नेम धरून फोडायची, आणि ओकीफ चालता चालता उजेड असतानाच उगवलेली शुक्राची चांदणी बघत राहायची. त्या एका चांदणीवरून आपण दहा जलरंग केले असं तिनं नमूद केलंय.

ती ‘इव्हनिंग स्टार’ मालिका १९१७ची. कागदाचं माप साधारण ९ बाय १२ इंच, म्हणजे आपल्या ए-फोर कागदाहून जेमतेम मोठं. जेवणाच्या टेबलावर मावेल, रंगाची एकच वाटी पुरेल, आणि वॉश वाळायच्या आत हात शेवटच्या टोकापर्यंत पोचेल असं माप. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं तिसऱ्या क्रमांकाचं चित्र मोठं करून पाहा. मध्ये चांदणीचा गोल, भोवती पिवळा, त्याभोवती नारिंगी-लाल पट्टा वळसा घेत एका बाजूला उघडलेला, खाली निळ्या-हिरव्या जमिनीचे आडवे पट्टे. आता पट्ट्यांच्या सीमा पाहा. लाल आणि त्याच्या शेजारचा रंग यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची बारीक फट आहे. ती फट हे या चित्राचं मर्म. दोन्ही पट्टे ओले असताना शेजारी-शेजारी ठेवायचे आणि मध्ये केसाएवढा कोरडा कागद राखायचा. पाणी कोरड्या कागदावरून उडी मारत नाही, म्हणून रंग आपापल्या जागी थांबतात. याच मालिकेतल्या दुसऱ्या काही चित्रांत तिनं ही फट मुद्दाम राखलेली नाही आणि लाल निळ्यात उतरलाय. तोच विषय, तेच रंग, तेच माप. बदल एवढाच की एकीकडे पाण्याला अडवलं आणि दुसरीकडे जाऊ दिलं. वर्गात हे करून घेऊन बघा. मुलांच्या हाताला पाण्याचा अंदाज जितका या सरावानं येतो तितका नुसत्या ग्रेडेशनच्या पट्ट्या रंगवून येत नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ब्रश मात्र राऊंड आणि भरपूर पाणी धरणारा द्या. बारीक ब्रशानं मूल सीमा कोरत बसतं आणि तोवर आतला वॉश वाळून जातो.

त्याच वर्षीचे ‘लाइट कमिंग ऑन द प्लेन्स’ हे तीन जलरंग फोर्टवर्थच्या एमन कार्टर संग्रहालयात आहेत. माझं मत विचाराल तर ओकीफचं सगळ्यात धाडसी काम हेच. खाली जमिनीचा गडद पट्टा, त्यावर क्षितिजाची उजळ चीर, आणि वर अंड्याच्या आकाराचा उजेडाचा घुमट, निळ्याच्या एकात एक वलयांनी बनलेला. बास, बाकी काही नाही. आणि हे कशावर, तर न्यूजप्रिंटच्या जातीच्या पातळ, स्वस्त कागदावर. ज्यानं असा कागद हाताळलाय त्याला कळेल ती काय करत होती. या कागदाला साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा खळीसारखा लेप, नसल्यातच जमा. पाणी पडताक्षणी तो पितो, फुगतो, त्याला वळ्या पडतात. त्यावर रंग उचलता येत नाही, पुसता येत नाही, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर कागदाचा भुगा निघतो. दिलेला वॉश हा शेवटचा वॉश. पण याच कागदामुळे त्या वलयांच्या कडा अशा मऊ झाल्यात की उजेड आतून फाकतोय असं वाटतं. तीनशे जीएसएमच्या जाड, उत्तम कॉटन पेपरवर हा परिणाम आणायचा म्हटलं तर वेगळी खटपट करावी लागेल. आमच्याकडचे विद्यार्थी महाग कागद हातात नाही म्हणून सराव टाळतात, तेव्हा मी त्यांना हीच तीन चित्रं दाखवतो.

महाराष्ट्रातला जलरंग शिकलेला माणूस ही चित्रं पाहून थोडा बिचकतो, आणि ते स्वाभाविक आहे. आपली तालीम जागेवर बसून निसर्गचित्र करण्याची: आधी पेन्सिलीनं मांडणी, मग आभाळाचा वॉश, मग मधलं अंतर, मग जवळचे गडद, शेवटी माणसं आणि सावल्या. फार समृद्ध परंपरा आहे ती, आणि तिच्यात वाढल्याचा मला आनंदच आहे. ओकीफच्या या कागदांवर मधलं अंतरच नाही. दूरचं क्षितिज आणि आभाळ, मध्ये काही नाही, कारण त्या माळावर खरोखरच काही नव्हतं. झाड नाही, डोंगर नाही, घर नाही. डाउ यांची जागा-विभागणीची शिकवण आणि टेक्ससचा रिकामा माळ एकमेकांना इतके चपखल बसले, की चौकोनात एक दार काढा म्हणणाऱ्या बाईला चौकोनात एक क्षितिज काढायचं एवढंच काम उरलं. म्हणून मी म्हणतो की वर्ग आणि स्वतःचं काम एकाच मुळाचं.

पण हे सांगताना नोकरीचे गोडवे गाणं अप्रामाणिकपणाचं होईल. एप्रिल-मे १९१७मध्ये ‘२९१’ दालनात तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, आणि ते त्या दालनाचं शेवटचं प्रदर्शन ठरलं. अमेरिका तेव्हाच महायुद्धात उतरली होती. कॅन्यनमध्ये युद्धज्वर चढला आणि तिला त्याचा त्रास व्हायला लागला. जर्मनांविषयी द्वेष पसरवणारी नाताळची कार्डं विकू नका असं तिनं एका दुकानदाराला सांगितल्यावर गावात तिच्याविषयी कुरबुर सुरू झाली. १९१८च्या सुरुवातीला तब्येत बिघडली, रजा घेतली, काही महिने दक्षिण टेक्ससमध्ये काढले. स्टिगलिट्झ यांनी वर्षभर चित्रं काढता येतील एवढी सोय करायची तयारी दाखवली तेव्हा ती जूनमध्ये न्यूयॉर्कला गेली, कॉलेजचा राजीनामा दिला आणि शिक्षकाच्या नोकरीवर पुन्हा कधी गेली नाही. निवड करायची वेळ आली तेव्हा तिनं एका क्षणात चित्रं निवडली. नोकरीवर असताना काम होऊ शकतं याला तिची टेक्ससची वर्षं पुरावा आहेत. नोकरी सोडायची गरज नसते याला मात्र ती पुरावा नाहीत.

आणि नोकरीबरोबर जलरंगही मागे पडले. याचं सोपं उत्तर दिलं जातं ते बाजाराचं: जलरंग म्हणजे बायकांचा फावल्या वेळेचा छंद, तैलरंग म्हणजे खरं काम, अशी तेव्हाची समजूत. समजूत होती हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. स्टिगलिट्झ यांचा हुकमी चित्रकार जॉन मॅरिन हा मुख्यतः जलरंगांवरच नावाजला होता, म्हणजे त्या दालनात जलरंगाला मान होता. मला वाटतं कारण कामातच आहे. १९१७पर्यंत तिला हवी होती ती एका दमात उतरणारी गोष्ट. न्यूयॉर्कला दिवस मोकळे मिळाले, आणि तिला एका रंगातून दुसऱ्या रंगात अगदी हळू, कुठेही सांधा न दिसता जायचं होतं, तेही मोठ्या मापात. ते काम तेलाचं. तरी तिची तैलचित्रं जवळून पाहा: रंगाचा थर पातळ, ब्रशचे फटकारे जवळजवळ दिसत नाहीत, आणि कडा इतक्या राखलेल्या की जलरंगात पांढरा सोडायची सवय लागलेलाच तशा राखेल. १९२६च्या ‘ब्लॅक आयरिस’च्या पाकळ्यांत मला चांदणीच्या भोवतीचे तेच पट्टे दिसतात. २०१४च्या लिलावात तिच्या धोतऱ्याच्या फुलाच्या तैलचित्राला ४.४४ कोटी डॉलर मिळाले, स्त्री चित्रकाराच्या कामाला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत. त्या फुलाचीही तालीम पातळ कागदावर झाली आहे, हे विसरू नये.

आयुष्याच्या उत्तरार्धात तिच्या नजरेचा मधला भाग गेला. कोणाच्या मदतीशिवाय केलेलं शेवटचं तैलचित्र १९७२चं. त्यानंतर ती पुन्हा जलरंग आणि कोळशाकडे वळली आणि नव्वदी ओलांडल्यावरही काम करत होती. वारली १९८६मध्ये सांता फेला, ९८व्या वर्षी.

आता तुम्ही पाठवलेलं चित्र. ते ओकीफचं नाही, त्यामुळे त्यातला वॉश तिनं कसा दिला असेल याचा शोध घेण्यात अर्थ नाही. ‘कॅन्यन सूट’ म्हणजे अठ्ठावीस जलरंगांचा एक गठ्ठा, तिनं कॅन्यनमध्ये असताना काढून एका ओळखीच्याला दिलेला, अशा कहाणीसह बाजारात आला. १९९३मध्ये कॅन्सस सिटीतल्या केम्पर संग्रहालयासाठी तो ५० लाख डॉलरना घेतला गेला. पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं आणि ओकीफ फाउंडेशननं मिळून तिच्या सगळ्या कामाची सूची केली. ती १९९९मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात या अठ्ठावीसांपैकी एकही नव्हतं. कागद हे त्यामागचं मोठं कारण: ओकीफनं त्या काळात वापरलेल्या कागदांशी ते जुळत नव्हते, आणि काही तर १९१८नंतरचे निघाले. विक्रेत्यानं पैसे परत केले. पण नव्वदच्या दशकात छापलेली पुस्तकं आणि कॅलेंडरं अजून फिरताहेत, त्यामुळे ही चित्रं तिच्या नावावर सर्रास सापडतात.

वर्गात दाखवायला चित्रं हवी असतील तर सांता फेचं ओकीफ संग्रहालय, एमन कार्टर आणि म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट यांच्या स्वतःच्या संग्रहातूनच घ्या. तिथे प्रत्येक चित्राखाली साल, माप आणि बहुतेक ठिकाणी कागदाची जातही दिलेली असते. सुरुवात ‘इव्हनिंग स्टार’पासून करा. मुलांना ए-फोर मापाचा कागद, तीन रंग आणि एक राऊंड ब्रश द्या, आणि कोरडी फट राखून एकदा, न राखता एकदा, अशी दोन चित्रं एकाच तासात करून घ्या. पेन्सिल त्या दिवशी दप्तरातच राहू दे.